दार उघडल्यावर ३० सेकंद: एकटा ट्रान्झिस्टर की ५५५?

भाच्याचं अक्कलकोट रोडला चादरींचं गोडाऊन आहे. दार उघडल्यावर ३० सेकंदांनी भोंगा वाजावा, तेवढ्यात आत जाऊन स्विच बंद करता यावा, एवढीच मागणी. "मामा, बीसी५४७ वर भागेल की ५५५ आणू?"

बीसी५४७ म्हणजे छोटा ट्रान्झिस्टर, ५५५ म्हणजे टायमरची चिप. ट्रान्झिस्टर स्वस्त वाटतो, पण हिशेब करा. दोन्हींत रेझिस्टरमधून कपॅसिटर हळूहळू भरतो आणि ठरावीक व्होल्टला पोचला की भोंगा. ट्रान्झिस्टरच्या बेसवर, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायावर, ०.६ व्होल्ट आले की तो चालू. १२ व्होल्टच्या सप्लायवर कपॅसिटर तिथे चुटकीसरशी पोचतो. रिले (भोंगा चालू करणारा विजेवरचा स्विच) ओढायला बेस करंट लागतो, म्हणून रेझिस्टर फार मोठा चालत नाही. मग ३० सेकंदांसाठी सात-आठ हजार मायक्रोफॅरडचा डबाच बसवावा लागतो! ५५५ ला २७० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड पुरतात: १.१ × आर (रेझिस्टर) × सी (कपॅसिटर), म्हणजे २९.७ सेकंद. पिन २ व ६ एकत्र कपॅसिटरला, रिले पिन ३ आणि प्लसच्या मध्ये.

वेळेचा भरवसा? ट्रान्झिस्टरचा ०.६ चा आकडा तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतो. पत्र्याखाली, सोलापूरच्या मे महिन्यात, सकाळी लावलेली वेळ दुपारी कमीच भरणार. ५५५ सप्लायच्या दोन तृतीयांशाची वाट बघतो, त्यामुळे सप्लाय १२ चा १० झाला तरी फरक नगण्य. गळका कपॅसिटर मात्र दोघांनाही बुडवतो. जुन्या रेडिओतला काढून लावू नका.

रिले बंद होताना येणारा विजेचा झटका गिळायला रिलेवर उलटा डायोड दोन्ही सर्किटांत हवाच.

दोन-चार सेकंदांची गंमत किंवा पोरांना शिकवायचं असेल तर ट्रान्झिस्टर. गोडाऊनला ५५५.