बेचाळीस साग विकले, कागदावर सदुसष्ट निघाले

मुळशीकडच्या एका ताईंचा परवा फोन आला. त्यांच्या रानातले साग घ्यायला एक व्यापारी आलाय, भाव चांगला देतोय, कागदपत्रांचं सगळं आपणच बघतो म्हणतोय. त्यांनी सांगितलेला शब्द न् शब्द मी याआधी ऐकलेला होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

भोर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमची साडेतीन एकर जमीन आहे. 1989च्या पावसाळ्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वनखात्याच्या रोपवाटिकेतून सागाचे स्टंप, म्हणजे मूळ ठेवून छाटलेली रोपं, आणून बांधाने लावले. पुढची दोन वर्षं दर रविवारी ते पुण्याहून एसटीने जाऊन त्यांना पाणी घालत. अण्णा गेले आणि सातबारा माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर झाला. भाऊ नाशिकला, मी सिंहगड रस्त्याला. 2022च्या दिवाळीनंतर आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा साग विकायचे असं आम्ही दोघांनी ठरवलं.

आमच्या सुताराच्या ओळखीने व्यापारी आला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये त्याची ऊठबस होती. रानात फिरून त्याने बेचाळीस झाडं मोजली आणि दोन लाख ऐंशी हजारांचा उक्ता सौदा केला. पन्नास हजार इसार रोख दिला, बाकीचा पुढच्या तारखेचा चेक. "ताई, वनखात्याचे हेलपाटे तुम्हाला झेपायचे नाहीत. तुम्ही फक्त सह्या करा." मी सह्या केल्या. दोन कोऱ्या अर्जांवर, एका प्रतिज्ञापत्रावर आणि एका मुखत्यारपत्रावर. पस्तीस वर्षं सरकारी शाळेत नोकरी केली, कोऱ्या हजेरीपटावर कधी सही केली नाही. इथे केली.

झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, एवढं शहरात राहून माहीत होतं. पण तो 1975चा कायदा नागरी भागासाठी. गावाकडच्या मालकीच्या जमिनीला 1964चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा लागू होतो. साग, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, खैर, ऐन, मोह अशी ठरावीक झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या बांधावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आमच्या बाबतीत तोडीआधी झाडांची यादी झाली. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात आणि छाती गोलाई, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवरचा घेर. तोड झाल्यावर ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का पडला आणि मग वाहतूक परवाना निघाला. त्यावर नग, मापं, गाडीचा नंबर, मार्ग आणि मुदत, सगळं लिहिलेलं असतं. यातलं काहीही सही करताना मला ठाऊक नव्हतं. पुढे चौकशीसाठी हेलपाटे घातले, तेव्हा कळत गेलं.

फेब्रुवारी 2023मध्ये चार दिवसांत तोड झाली. मी एकदाच गेले होते. ओंडके मोजताना त्याचा माणूस टेप गुंडाळून घेराचा चौथा हिस्सा काढत होता, त्याचा वर्ग करून लांबीने गुणत होता. बाजाराची ही जुनीच रीत आहे, पण तिच्यात खरं घनफळ पाचव्या हिश्शाहून जास्त कमी भरतं. तीन फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका घ्या. त्या रीतीने तो साडेपाच घनफुटांच्या थोडा वर जातो, प्रत्यक्षात सव्वासातच्या जवळ असतो. आमचा सौदा उक्ता होता, त्यामुळे यात माझं नुकसान नव्हतं. मात्र घनफुटावर विकणाऱ्याने माप कोणत्या रीतीने घेणार हे आधी लिहून घ्यावं.

चेक वटला नाही. "ताई, पंधरा तारखेला परत टाका." परत टाकला, परत आला. आता त्याचा फोन बंद. बँकेचा परताव्याचा मेमो हातात पडल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, हे वकिलांकडे गेले तेव्हा समजलं. तोवर दुसऱ्या मेमोलाही दोन महिने उलटले होते आणि चेकची तीन महिन्यांची मुदतही संपली होती. आईचं ऑपरेशन भावाने कर्ज काढून केलं.

पैसे बुडाले, हा फसवणुकीचा लहान भाग. जुलैत वनखात्याची नोटीस आली. वनपाल आणि वनरक्षकांबरोबर भर पावसात रानात गेले. शेजारचे तात्या सोबत होते. साहेबांनी यादी काढली. सदुसष्ट साग. मी म्हटलं, बेचाळीस. मग थुटं, म्हणजे तोडीनंतर जमिनीत उरलेले बुंधे, मोजायला सुरुवात झाली. सागाची बेचाळीस भरली. शिवाय यादीत नसलेली दोन हिरड्याची आणि एक जांभळाचं. ती जांभूळ माझ्या जन्माआधीची. तात्या म्हणाले, "अगं, तुमच्या रानात सदुसष्ट साग व्हतं कधी?"

उरलेले पंचवीस साग वरच्या अंगाला, सरकारी जंगलात तुटले होते. थुटं ताजी होती, पानांनी झाकलेली, शिक्का एकावरही नव्हता.

तेव्हा उलगडलं. त्याला माझी झाडं हवी होतीच, पण त्याहून जास्त माझ्या नावाचा कागद हवा होता. जंगलातलं लाकूड नुसतं तोडून भागत नाही. आरागिरणीला परवाना असतो, आलेल्या मालाची नोंद ठेवावी लागते, वाहतूक परवान्याशिवायचा ओंडका उघड बाजारात उभा राहू शकत नाही. 12 डिसेंबर 1996च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जंगलातली तोड केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेप्रमाणेच करता येते. कुठल्या भागात किती झाडं काढायची आणि त्या भागाला परत किती वर्षं हात लावायचा नाही, हे त्यात मांडलेलं असतं. जंगल तोडूनही टिकावं, यासाठीच हा सगळा हिशेब. त्या हिशेबाबाहेरचे पंचवीस साग माझ्या सातबाऱ्यावरून वैध होऊन गेले. नसलेली झाडं पाहणीत कशी दिसली, याची चौकशी चालू आहे. माझं उत्तर मला द्यायचंच होतं. अर्जावरची सही माझी होती.

मुळशीच्या ताईंना फोनवर सांगितलं ते इथेही सांगते. मुखत्यारपत्र देऊ नका. अर्ज भरलेला असेल तरच सही करा आणि झाडांची यादी निघाली की तिची प्रत घेऊन स्वतः रानात एकेक झाड ताडून बघा, मग सुट्टी काढावी लागली तरी चालेल. तोड झाल्यावर प्रत्येक थुटाचा क्रमांकासकट फोटो काढा. वाहतूक परवान्याच्या सगळ्या प्रती मागा आणि नग जुळवा. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय एकही गाडी बांधाबाहेर जाऊ देऊ नका. चेक परत आलाच तर त्याच आठवड्यात वकील गाठा. आणि यादीत एकही झाड जास्त दिसलं, तर त्याच दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या. मी तेव्हा यादी मागितली असती तर ते पंचवीस साग कदाचित आज उभे असते. पैशापेक्षा हे जास्त सलतं. अण्णांनी पाण्याच्या कळश्या वाहून झाडं जगवली, आणि त्यांच्याच झाडांच्या आडून जंगल तुटलं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. वनखात्यात माझा जबाब झाला. चार पानं होती. सहीसाठी पेन पुढे केलं, तेव्हा मी म्हटलं, आधी वाचते. एका ठिकाणी बेचाळीसच्या जागी बावीस पडलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. पाऊण तास गेला. वनपाल काही न बोलता समोर बसून राहिले.