कुठलाच प्रोग्राम नको असतो तेव्हा: सेटिंग्ज, छोटं टूल की रेजिस्ट्री फाइल?

चादर-टॉवेलची जेकार्ड डिझाइनं, म्हणजे मागावर विणतानाच उमटणारी नक्षी, करून देणं हे माझं काम. फाइल तयार झाली की पेनड्राइव्हवरून सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत जाते आणि पुढची अडचण तिथं सुरू होते. मागाजवळच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी जेसी५ किंवा ईपी फाइलवर, म्हणजे मागासाठीच्या डिझाइनच्या फाइलवर, डबलक्लिक करतं. विंडोज विचारतं, कशात उघडायची? यादीत नोटपॅड ओळखीचं दिसतं, त्यावर क्लिक होतं आणि सोबत ‘नेहमी’सुद्धा दाबलं जातं. त्या दिवसापासून मागाची प्रत्येक फाइल नोटपॅडमध्ये उघडते. आत नुसती अगम्य अक्षरं. ती नुसती पाहिली तर काही बिघडत नाही, पण चुकून एखादं बटण दाबलं गेलं आणि बंद करताना ‘सेव्ह’ला हो म्हटलं, तर ती फाइल गेलीच म्हणायची. मागाचा कंट्रोलर मग तिला ओळखत नाही.

अशा फाइलला दुसरा चांगला प्रोग्राम जोडून देणं हा उपाय नव्हे. ती फक्त मागानं वाचायची असते, म्हणून तिला कुठलाच प्रोग्राम जोडलेला नको. बदलणं आणि काढणं यातला हा फरक आधी पक्का करा. बीएमपी ही चित्राची फाइल ‘फोटोज’ ॲपऐवजी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, एवढंच हवं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन बदला, पुढचं वाचण्याची गरज नाही.

सेटिंग्जची अडचण अशी की तिथं ‘काहीच नको’ हा पर्यायच नाही. डीफॉल्ट ॲप्समध्ये एक्स्टेन्शन (फाइलच्या नावात टिंबानंतर येणारं जेसी५सारखं शेपूट) टाका, प्रोग्राम दिसतो, त्याच्या जागी दुसरा निवडता येतो, बस्स. एक्सपीच्या काळात फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘फाइल टाइप्स’ असा टॅब होता आणि त्यात डिलीटचं बटण होतं. व्हिस्टापासून तो टॅबच काढून टाकला. आता उरलंय ते रीसेट, आणि ते सगळं एकदम मूळपदावर नेतं. पीडीएफ परत एजमध्ये, फोटो परत फोटोजमध्ये. एका जेसी५पायी कारखान्यातल्या ऑफिसची बसलेली घडी विस्कटायची, हे मला कधीच पटलं नाही.

कमांड प्रॉम्प्टमधली ‘असॉक’ ही जुनी कमांड अजून सुचवली जाते. ती पूर्ण कॉम्प्युटरची नोंद बदलते. माणसानं स्वतः ‘नेहमी’ दाबून केलेली निवड मात्र त्याच्या खात्यात वेगळी लिहिलेली असते आणि विंडोज आधी तीच पाहतं. त्यामुळे असॉकनं सगळं निघालं असं वाटतं, डबलक्लिक केलं की पुन्हा नोटपॅड. आपल्या कामापुरती ती सोडून द्या.

म्हणजे खरी निवड दोघांतच आहे. एक, अनअसॉकसारखं छोटं फुकट टूल. दोन, स्वतः लिहिलेली रेजिस्ट्री फाइल, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथं नोंदवतं त्या रेजिस्ट्रीत बदल करणारी साध्या मजकुराची फाइल.

टूल चांगलं आहे, हे आधी सांगतो. इन्स्टॉल करावं लागत नाही. एक्स्टेन्शनची यादी समोर येते, हवं ते निवडायचं, वापरकर्त्यानं केलेली जोडणी काढायचं बटण दाबायचं, झालं. रेजिस्ट्रीचा रस्ता माहीत असावा लागत नाही. घरी स्वतःचा एकच कॉम्प्युटर असेल तर मी कदाचित हेच सुचवीन. एवढं लक्षात ठेवा की फाइलचा प्रकारच मुळासकट पुसणारं बटणही त्यातच आहे आणि त्याचं काम निराळं आहे. बटणावरचं नाव वाचून मगच दाबा.

मला मात्र टूल सोडावं लागलं ते एकाच कारणानं. पेनड्राइव्हमधून आणलेली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालवावी लागते. मागाजवळचे कॉम्प्युटर दिवसभर पेनड्राइव्हवरच चालतात आणि व्हायरसचा फटका बहुतेकांनी एकदा तरी खाल्लेला असतो. नेटवरून उतरवलेलं अनोळखी टूल दिसलं की विंडोज निळी पाटी दाखवून अडवतं, कधी अँटिव्हायरस मधे पडतो, आणि तोवर जॉबर (मागांवर देखरेख ठेवणारा) मागे येऊन उभा असतो. ‘अण्णा, हे नक्की काय चालवताय? माग बंद पडला तर शेठ मला विचारतील.’ त्याचं काहीच चुकत नाही. ईएक्सईच्या आत काय आहे ते त्यालाही दिसत नाही आणि मलाही दाखवता येत नाही. प्रत्येक कारखान्यात हा विश्वासाचा प्रश्न नव्यानं सोडवत बसायचं, याचा मला खरंच कंटाळा आला.

रेजिस्ट्री फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवता येते. पहिली ओळ ठरलेली, विंडोज रेजिस्ट्री एडिटर व्हर्जन ५.००. खाली एक ओळ मोकळी. मग चौकटी कंसात, सुरुवातीला वजाचं चिन्ह देऊन, जी नोंद पुसायची तिचा पूर्ण रस्ता. वजा म्हणजे काढून टाक. रस्ता असा: एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स, आणि शेवटी डॉट जेसी५. स्पेलिंग हातानं लिहू नका. रेजिस्ट्री एडिटरमध्ये त्या जागी जाऊन उजव्या क्लिकनं एक्स्पोर्ट करा. रस्ता जसाच्या तसा मिळतो आणि जुन्या नोंदीची प्रतही हाताशी राहते.

इथं बरेच जण एका ठिकाणी अडकतात. फाइलएक्स्ट्समधली नोंद काढली तरी कधीकधी फाइल नोटपॅडमध्येच उघडत राहते. कारण अनोळखी एक्स्टेन्शनला प्रोग्राम जोडताना विंडोज त्याच करंट युजरखाली, सॉफ्टवेअरमधल्या क्लासेसमध्ये आणखी दोन नोंदी करून ठेवू शकतं: एक डॉट जेसी५ नावाची, दुसरी जेसी५ अंडरस्कोर ऑटो अंडरस्कोर फाइल अशी. म्हणून माझ्या फाइलमध्ये वजाच्या तीन ओळी असतात. नसलेली नोंद काढायला सांगितली तरी बिघडत काही नाही. आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरनं पूर्ण कॉम्प्युटरसाठी स्वतःची जोडणी केली असेल तर तिला या तीन ओळी हात लावत नाहीत, तेही बरंच. चिन्ह मात्र जुनंच दिसत राहिलं तर एकदा लॉगआउट करून पाहा.

या फाइललाही विंडोज हटकतं, रेजिस्ट्रीत बदल करू का म्हणून विचारतं. पण तेव्हा जॉबरला मी तीन ओळी दाखवू शकतो. तिन्हीत जेसी५ सोडून दुसरं नाव नाही, हे तो स्वतः वाचतो आणि ‘हो’ तोच दाबतो.

दुसरी गोष्ट माझ्या लेखी याहून मोठी आहे. जोडणी काढली की विंडोज पुढच्या डबलक्लिकला पुन्हा विचारणार, कशात उघडू? आणि कुणीतरी पुन्हा ‘नेहमी’ दाबणार. विंडोज ११मध्ये शेजारीच ‘फक्त एकदाच’ असं बटण आहे, पण घाईत ते कोण बघतो. यातला कुठलाही मार्ग हे कायमचं थांबवत नाही. म्हणजे काम पुन्हा करावं लागणार हे गृहीत धरूनच मार्ग निवडायला हवा. टूल असेल तर मला परत जावं लागतं किंवा फोनवर यादीतलं नेमकं एक्स्टेन्शन शोधून द्यावं लागतं. रेजिस्ट्री फाइल तिथल्या डेस्कटॉपवरच ठेवलेली असते. त्यात निवडायचंच काही नसल्यामुळे चुकीचं एक्स्टेन्शन जाण्याची भीतीही नाही. दिवसपाळी आणि रातपाळीची खाती वेगळी असतील तर प्रत्येक खात्यात लॉगइन करून एकेकदा चालवावी लागते, कारण ही निवड खात्यागणिक वेगळी असते.

पीडीएफसाठी मात्र हा मार्ग धरू नका. २०२४च्या सुरुवातीच्या अपडेट्सपासून विंडोज १० आणि ११मध्ये एक संरक्षक ड्रायव्हर आला आहे. ब्राउझरच्या लिंका आणि पीडीएफ यांच्या निवडीत तो रेजिस्ट्रीतून ढवळाढवळ होऊ देत नाही. तिथं सेटिंग्जमधूनच हवा तो प्रोग्राम निवडा. ईपी फाइलसाठी हीच फाइल चालते, तिन्ही ओळींत जेसी५च्या जागी ईपी करून वेगळ्या नावानं सेव्ह करा.