ॲडमिट न होता दारू सोडायची ओपीडी: आठ महिन्यांनंतर

ॲडमिट व्हायचं तर दुकान बंद ठेवावं लागलं असतं आणि ते परवडणारं नव्हतं, म्हणून ओपीडी. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्यामुळे पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या, थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) आणि सोबतीला भाऊ. हे लवकर आटोपतं. हातांची थरथर थांबली की माणसाला वाटतं, झालो बरा. माझ्याबरोबर केसपेपर काढलेले बरेच जण इथेच दिसेनासे झाले.

मी टिकलो ते वेळेमुळे. नातेवाईक इच्छाशक्तीचं कौतुक करतात, करू देत बापडे. ही ओपीडी संध्याकाळी सातला सुरू होते. मित्रांचा 'बसायचं का?' म्हणून फोन यायची वेळ आणि माझी बाकावर नंबरची वाट बघायची वेळ एकच. दुसरं म्हणजे काऊन्सेलर बदलत नाही. आधी जिथे जात होतो तिथे दर खेपेला नवा चेहरा आणि 'कधीपासून पिता?'पासून पुन्हा सगळं पुराण. कंटाळून जाणंच सुटलं. इथे तारीख चुकली की दुसऱ्या दिवशी फोन येतो, "उद्या येताय की परवा?" रागावणं नाही, आणि 'येत नाही' म्हणायला जागाही नाही.

माझ्या शेजारी बसणारे एक रिक्षावाले काका विसर्जन मिरवणुकीत प्यायले आणि लाजेने यायचेच बंद झाले. फोन काकूंनी उचलला, त्याच त्यांना घेऊन आल्या. आत गेल्यावर किती प्यायलात हे आधी कुणी विचारलंच नाही, त्याआधीचा तासभर कुठे होतात ते विचारलं. काका अजून येतात.

गोळ्यांबद्दल थोडं. मला नाल्ट्रेक्सोन 50 मिलिग्रॅम, रोज एक. ओढ कमी होते, जादू होत नाही. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या हिच्याबरोबर चालत नाहीत, दाताच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा. डायसल्फिराम ही दुसरी गोळी, ती घेऊन दारू प्यायली की त्रास होतो. ती घेणाऱ्यांना घरच्यांसमोर घ्यायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण पिणाऱ्याच्या नकळत भाजीत मिसळणं हा निव्वळ वेडेपणा. त्यावर तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं, आणि गोळी बंद केल्यावरही तो धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

काऊन्सेलर डॉक्टर नाही म्हणून नाक मुरडणारे भेटतात. गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या लोकांकडून जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन करून पाहिलं. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा गुण जास्त आला, हे 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. अर्थात ते पूर्ण व्यसनात न अडकलेल्यांसाठी होतं, माझ्यासारख्यांना गोळ्याही लागतात.

तक्रार एकच, रविवारी बंद. नेमका तोच दिवस अवघड! मी एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगला जातो, निदान दोन तास निघतात. आधी फोनवर बोलून बघायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.