लेबल किंग्स्टनचं, व्हायोलिनं लंडनची

रेगे या जमैकातल्या संगीताच्या जुन्या रेकॉर्ड जमवणारी मराठी माणसं मोजकीच असतील. पण जी आहेत, त्यातही लंडन-बर्मिंगहॅमकडे राहणारी, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझे १६० पाउंड गेले. पैशांचं वाईट वाटतंच, पण ज्या गाण्यावर माझा जीव आहे त्याच गाण्याच्या नावाखाली मला फसवलं गेलं, याचा संताप जास्त आहे.

आधी गाण्याबद्दल सांगते, कारण फसवणूक उघडी पडली ती गाण्यामुळेच. ‘टू बी यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ हे मूळ अमेरिकन गायिका नीना सिमोनचं, १९६९ सालचं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांना ताठ मानेने जगायला सांगणारं. ते जमैकात पोचलं आणि हॅरी जॉन्सन, म्हणजे सगळे ज्याला हॅरी जे म्हणतात, त्या निर्मात्याने बॉब अँडी आणि मार्शिया ग्रिफिथ्स यांच्याकडून रेगेच्या ठेक्यात गाऊन घेतलं. १९७० मध्ये ते ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. मात्र ब्रिटनने ऐकलं ते जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये झालेलं जसंच्या तसं गाणं नव्हतं. इंग्लिश कानांना गोड लागावं म्हणून लंडनमध्ये त्यावर व्हायोलिनं चढवली गेली. ट्रोजन ही तिथली रेकॉर्ड कंपनी तेव्हा असं बऱ्याच गाण्यांना करायची. जमैकातल्या मूळ रेकॉर्डमध्ये व्हायोलिनं नाहीत. बास, ड्रम, गिटारचा तो तुटक ठोका आणि दोन गळे, एवढंच.

मला हेच साधं रूप हवं होतं. त्या काळातल्या रेगेत सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, किती मुरलेलं आहे ते अशा उघड्या गाण्यांमधूनच नीट ऐकू येतं. रात्री मायामी आणि न्यू ऑर्लीन्सची रेडिओ केंद्रं जमैकात लागायची, त्यावर तिथल्या दोन पिढ्यांचे कान तयार झाले. बॉब मार्लीच्या वेलर्स गटाच्या सुरुवातीच्या तिहेरी गायनात कर्टिस मेफिल्डच्या इम्प्रेशन्स या अमेरिकन गटाची छाप स्वच्छ दिसते. जमैकाच्या टूट्स हिबर्टचा आवाज ऐकून लोकांना अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंग आठवायचा. आणि देणं एकतर्फीही राहिलं नाही. हॅरी जे ऑल स्टार्सच्या १९६९ च्या ‘लिक्विडेटर’ची सुरुवात अमेरिकेतल्या स्टेपल सिंगर्सच्या १९७२ च्या ‘आय विल टेक यू देअर’मध्ये जवळजवळ तशीच वाजते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दोन्ही गाणी रात्रभर आळीपाळीने लावली होती.

तर, विकणारा मला नेटवर भेटला. ओळख वाढली ती हळूहळू. आधी त्याच्याकडून मी चार रेकॉर्ड घेतल्या, सहा-सात पाउंडांच्या. चारही अस्सल. पॅकिंग इतकं व्यवस्थित की दोन पुठ्ठ्यांच्या मधे रेकॉर्ड आणि सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी. तिसऱ्या वेळी तर त्याने आपणहून कळवलं, ‘या एकीवर बारीक ओरखडा आहे, दोन पाउंड कमी दे.’ अशा माणसावर कोण संशय घेईल? आता कळतं की त्या चार रेकॉर्ड म्हणजे पाचवीसाठी टाकलेलं आमिष होतं.

पाचवी म्हणजे हेच गाणं, ‘जमैकन प्रेस, १९७०’, म्हणजे जमैकातच छापलेली रेकॉर्ड. फोटोत मधलं मोठं भोक होतं, जमैकातल्या सात इंची रेकॉर्डना असतं तसं. मधलं कागदी लेबल किंचित तिरकं, छपाई फिकट. मी विचारलं, लेबल असं कसं? त्याचं उत्तर तयारच होतं: ‘जमैकाची लेबलं अशीच असतात. नीटनेटकं असतं तर मलाच शंका आली असती.’

या उत्तरात मी अडकले, कारण ते अर्धं खरं आहे. जमैकातल्या रेकॉर्डवर चुकलेली नावं असतात, उलटसुलट लेबलं असतात, कित्येकांवर तर लेबलच नसतं. तिथे लेबल लपवण्याची परंपरा त्याहून जुनी. पन्नाशीच्या दशकात साउंड सिस्टिमवाले, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाचासाठी रेकॉर्ड वाजवणारे, अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्डची लेबलं खरवडून काढायचे, म्हणजे गाणं कोणाचं ते शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला कळू नये. त्यांतल्या कॉक्सन डॉडने अमेरिकन सॅक्सोफोनवादक विलिस जॅक्सनची एक धून ‘कॉक्सन हॉप’ या नावाने गाजवली होती. त्याचा प्रतिस्पर्धी ड्यूक रीडने शेवटी तिचं खरं नाव शोधून काढलं आणि आपल्या सिस्टिमवर वाजवून दाखवली. हा किस्सा मला तोंडपाठ आहे. एवढं ठाऊक असूनही मी लेबलाकडेच बघत बसले. जमैकाच्या रेकॉर्डमध्ये दोष असतातच या खऱ्या गोष्टीवर असल्या लोकांचा धंदा चालतो. तुम्ही कुठल्याही खुणेवर बोट ठेवा, ती त्यांच्या बाजूची साक्ष होऊन बसते.

पैसे पाठवताना दुसरी चूक झाली. ॲपवर दोन पर्याय होते, एक खरेदीसाठी आणि एक मित्र-नातेवाइकांना पाठवण्यासाठी. त्याने सांगितलं, ‘मित्राचा पर्याय घे, कमिशन वाचेल, ते आपण निम्मं-निम्मं वाटून घेऊ.’ मी तोच घेतला. त्या पर्यायात माल खोटा निघाला तरी पैसे परत मागायला जागा नसते.

पार्सल शुक्रवारी आलं. सांगलीला बाबा नाट्यसंगीताच्या तबकड्या लावत, तेव्हा त्यांनी शिकवलं होतं की रेकॉर्ड कडेने धरायची, बोट खाचांवर पडता कामा नये. तशीच धरून ठेवली, सुई टेकवली आणि डोळे मिटले. व्हायोलिनं वाजली. सुरुवातीलाच, भरगच्च, लंडनची. मला वाटलं रेकॉर्ड उलटी लागली असेल. उठून पाहिलं, बाजू बरोबर होती. परत लावली. परत व्हायोलिनं. किंग्स्टनचं म्हणून विकलेल्या रेकॉर्डवर लंडनमध्ये नंतर चढवलेली वाद्यं वाजत होती.

मग भिंग काढलं. लेबलवरच्या अक्षरांच्या कडांना रंगीत ठिपके दिसले, घरच्या प्रिंटरवर काढलेल्या फोटोत दिसतात तसे. शेवटच्या खाचेनंतर जी गुळगुळीत पट्टी असते, तिथे माझ्याकडच्या त्या काळच्या जमैकन रेकॉर्डवर हाताने कोरलेला क्रमांक आहे, वेडावाकडा, कधी खोडून पुन्हा लिहिलेला. इथे यंत्राने काढल्यासारखे सरळ आकडे होते. भाच्याने रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घेऊन आवाजाचा आलेख काढला. वरचे सूर १६ किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखे एका रेषेत संपत होते. हलक्या दर्जाच्या एमपीथ्रीत आवाज असाच कापलेला असतो. म्हणजे कोणीतरी नेटवरून फाइल उतरवली, ती नव्या प्लास्टिकवर छापली आणि वर जुनं लेबल नकलून चिकटवलं. जी आवृत्ती सहज मिळते तीच उचलली, आणि ती व्हायोलिनवाली निघाली. साधी आवृत्ती हाती लागली असती तर कदाचित मला कधीच कळलं नसतं, हा विचार अजूनही छळतो.

त्याला लिहिलं. दोन दिवस उत्तर नाही. मग म्हणाला, ‘जमैकातही व्हायोलिनवाल्या काही प्रती निघाल्या होत्या.’ मी आलेख पाठवला. त्यावर: ‘रेकॉर्ड परत पाठव, ४० पाउंड देतो.’ ॲपवाल्यांनी कळवलं की मित्राला पाठवलेल्या पैशांवर आमचं संरक्षण नाही. दोन आठवड्यांत त्याचं खातं गायब झालं.

तुम्ही महागडी जमैकन रेकॉर्ड घेणार असाल तर लेबलाचा फोटो शेवटी मागा. आधी त्या गुळगुळीत पट्टीचा फोटो मागा, तिरप्या उजेडात काढलेला. व्हिडिओ कॉलवर पहिली तीस सेकंदं वाजवायला सांगा. त्या गाण्याच्या जमैकन आणि इंग्लिश आवृत्त्यांत काय फरक आहे ते आधीच ऐकून ठेवा. व्हायोलिनं ही सगळ्यात सोपी खूण, कधी आवाजांचं मिश्रण वेगळं असतं, कधी गाण्याची लांबी. पैसे कार्डाने किंवा खरेदीच्या पर्यायानेच द्या, कमिशन तुमच्या खिशातून गेलं तरी. जो विकणारा यातल्या एकाही गोष्टीला कुरकुरेल त्याच्याकडची रेकॉर्ड सोडून द्या, कितीही हवीशी वाटली तरी. मला ते जमलं नाही, कारण हे गाणं मी सहा वर्षं शोधत होते.

ते ४० पाउंड मी घेतले नाहीत. रेकॉर्ड परत गेली असती तर पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या कोणाच्या तरी पार्सलमधून निघाली असती. जाड काळा मार्कर घेतला आणि दोन्ही बाजूंच्या लेबलांवर आडवं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘नकली’. शाई वाळेपर्यंत ती खिडकीशी ठेवली होती. आता ती कपाटात आहे, त्या चार अस्सल रेकॉर्डपासून वेगळी.