हँडलवरचा छोटा व्होल्टमीटर: बरेच महिने वापरल्यानंतर

मोटरसायकलच्या हँडलवर बसवायचा डिजिटल व्होल्टमीटर मी आता बरेच महिने वापरतोय. माझ्या गाडीला किक नाही आणि इंजिन फ्युएल इंजेक्शनचं आहे. पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) सगळं बॅटरीच्या जिवावर चालतं, त्यामुळे ती बसली की गाडी जागेवरून हलत नाही. बॅटरी थकायला लागल्याचं आधी कळावं एवढ्यासाठी मीटर घेतला. ते काम तो चोख करतो, फक्त नजर योग्य आकड्यावर हवी.

बहुतेक जण बघतात तो गाडी उभी असतानाचा आकडा. साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की ती लवकरात लवकर चार्जरला लावावी. गाडी चालवून आल्या आल्या मात्र हा आकडा बघू नये. प्लेटांच्या पृष्ठभागावर तात्पुरता चार्ज असतो आणि आकडा फुगलेला दिसतो. काही तास गाडी उभी राहू द्या, रात्रभर राहिली तर उत्तम. आणखी एक, किल्ली फिरवताच हेडलाइट लागत असेल तर आकडा तेवढाच खाली दिसणार. तो बॅटरीचा दोष धरायचा नाही.

पण उभ्या गाडीचा आकडा चांगला आला म्हणून बॅटरी चांगली, असं अजिबात नाही. माझ्या जुन्या बॅटरीने शेवटपर्यंत सकाळी १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवलं. प्लेटांवर सल्फेटचा थर कडक झाला की बॅटरीची साठवण घटते आणि आतला रोध वाढतो. भार नसेल तोवर त्याचा पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो सेल मारताना, कारण स्टार्टर एका दमात मोठा करंट ओढतो.

म्हणून मी आता सकाळचा पहिला सेल मारताना मीटरवरची नजर हलवत नाही. बॅटरी धडधाकट होती तेव्हा आकडा क्षणभर साडेदहाच्या आसपास उतरायचा आणि इंजिन लागताच वर जायचा. मग तो हळूहळू दहाच्या खाली जायला लागला, पुढे साडेनऊच्याही खाली. गाडी तेव्हाही पहिल्याच सेलला लागत होती! मात्र स्टार्टरचा आवाज बदलला होता. पूर्वी सलग ‘खुर्रर्र’ व्हायचं, आता पहिल्या फेऱ्याला स्टार्टर अडल्यासारखा व्हायचा आणि मग पुढे सरकायचा. आधी आकड्याने सांगितलं, मग कानाला कळलं आणि नंतर बाकीची लक्षणं आली. किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंपाची गुणगुण मंद झाली, हॉर्न घोगरा झाला, इंजिन बंद असताना इंडिकेटर रेंगाळायला लागले आणि एकदा सेल मारताना गाडीचा स्वतःचा मीटर कन्सोल विझून पुन्हा लागला, घड्याळ शून्यावर गेलं. स्टार्टर फिरतोय पण गाडी लागत नाही, असंही होतं, कारण उरलेल्या व्होल्टेजवर इंजेक्शन आणि स्पार्क नीट चालत नाहीत. त्याच्या पुढची पायरी म्हणजे स्टार्टरला करंट जोडणाऱ्या रिलेची नुसती ‘टक् टक्’. तिथवर थांबायची गरजच नव्हती. गॅरेजमध्ये लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरीची तपासणी, करून घेतली, बॅटरी त्यात नापास झाली आणि बदलून टाकली.

बॅटरीवर खापर फोडण्याआधी दोन गोष्टी मात्र बघाच. पहिली टर्मिनल. सैल नट किंवा पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड एवढ्यानेही अगदी हीच लक्षणं दिसतात. दुसरी चार्जिंग. इंजिन थोडं रेस केल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. रेस करूनही तो १३ च्या वर जात नसेल तर स्टेटर (इंजिनवर वीज तयार करणारी कॉइल), रेग्युलेटर-रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करणारा भाग) किंवा वायरिंग तपासा, नाहीतर नवी बॅटरीही तशीच उतरेल. १५ च्या वर जात असेल तर उलटा त्रास: बॅटरी उकळून मरते. हा आकडा चालत्या गाडीवर रोज डोळ्यांसमोर राहतो, आणि मला विचाराल तर मीटर घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

आता मीटरच्या उणिवा. तो आकडा सावकाश बदलतो, त्यामुळे सेल मारतानाचा खरा तळ कधीकधी निसटतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून नंतर थांबवत थांबवत बघितलं की बरंच कळतं. वायरिंगमध्ये थोडं व्होल्टेज पडतं, म्हणून तो टर्मिनलवर लावलेल्या मल्टिमीटरपेक्षा थोडा कमी दाखवतो. मी दोन्ही एकदा ताडून फरक लक्षात ठेवला आहे. भर उन्हात आकडे फिके दिसतात आणि रात्री डोळ्यांत येतात.

बसवताना मीटरची वायर किल्लीनंतरच्या, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच वीज येते त्या, लाइनवरच घ्या, आणि फ्यूज लावून घ्या. थेट बॅटरीवर जोडला तर २० मिलिअँपिअर खाणारा मीटरसुद्धा दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास पितो. ५ अँपिअर-तासांची बॅटरी अशी गाडी आठवडाभर उभी राहिली तर सेल मारण्याजोगी उरेलच असं नाही. गाडी रोज चालत नसेल, किंवा पल्ला इतका छोटा असेल की सेलसाठी गेलेला चार्जही भरून निघत नाही, तर हा मीटर नक्की घ्या. किक असलेल्या, रोज लांब पळणाऱ्या गाडीला एक साधा मल्टिमीटर घरात असला तरी पुरे.