लकवा की अ‍ॅटॅक्सिया?

आमच्या मामांचा हात चहाच्या कपाकडे जायचा आणि दोन बोटं पलीकडे पडायचा. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर चादरी विणण्यात आयुष्य गेलेला माणूस. गल्लीने लगेच निकाल दिला, 'लकवा मारला!'

लकव्यात ताकद जाते, हात उचलतच नाही. मामांची मूठ मात्र घट्ट होती, नेम तेवढा चुकत होता. याला अ‍ॅटॅक्सिया म्हणतात. शब्द ग्रीक. 'अ' म्हणजे नाही, 'टॅक्सिस' म्हणजे रचना, क्रम. सैन्याच्या मांडणीलाही हाच शब्द. नकाराचा हा 'अ' आपल्या 'अक्रम'मधलाच, त्यामुळे मला तो परका वाटत नाही. मागाच्या भाषेत सांगायचं तर लकव्यात मोटारच बंद. अ‍ॅटॅक्सियात मोटार चालू, पण धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग, भलत्याच वेळी सुटतो. बिघाड बहुधा लहान मेंदूत असतो, कधी पायांकडून येणाऱ्या जाणिवेत. पायांची जाणीव गेलेल्याला डोळे मिटून उभं केलं की तोल जातो.

यातलं काहीही अचानक झालं तर शब्दांचा कीस पाडू नये, तडक दवाखाना गाठावा.

अ‍ॅटॅक्सियाची चाल झोकांड्या खाते, म्हणून लोक 'पिऊन आलाय' म्हणतात. मामांनी जन्मात ताडीसुद्धा चाखली नव्हती.