लाहाइनाच्या नावावर गेलेले 1,800 डॉलर

आई 2019 मध्ये आमच्याकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आली होती, तेव्हा तिला हवाईला, माउई बेटावर नेलं होतं. समुद्राचं तिला अप्रूप नाही, ती केळशीची. पण लाहाइना गावातल्या वडापाशी ती थबकलीच. 1873 मध्ये लावलेलं झाड, रोप भारतातून आणलेलं, आणि आता पारंब्यांची खोडं होऊन अख्खा चौक व्यापलेला. "आपल्याकडचाच की गं हा," म्हणत तिने चपला काढून नमस्कार केला. शेजारी आईस्क्रीम खाणारं जोडपं बघतच राहिलं.

8 ऑगस्ट 2023 ला ते गाव जळालं. उत्तरेला जास्त दाबाचा पट्टा, दक्षिणेला दुरून जाणारं डोरा चक्रीवादळ, त्यामुळे सुटलेला वारा, जुन्या ऊसमळ्यांच्या पडीक जमिनीवर वाळून उभं राहिलेलं गवत आणि तुटलेल्या विजेच्या तारा. शंभरावर माणसं गेली, दोन हजारांवर इमारती गेल्या. सुरुवातीला सांगितलं गेलं, पर्यटकांनो येऊ नका. मग लोकांचे रोजगार बुडायला लागले, आणि 8 ऑक्टोबरपासून पश्चिम माउई टप्प्याटप्प्याने खुलं झालं. या, पण जपून वागा, असं आता सरकारच म्हणत होतं. आम्ही ठरवलं, नाताळची सुट्टी तिथेच घालवायची. तीच आपली मदत.

पश्चिम माउईतल्या नापिली गावातल्या एका घराची जाहिरात मला सोशल मीडियावरच्या एका ग्रुपमध्ये दिसली. गॅलरीत दोन निळ्या खुर्च्या, पुढे समुद्र. मालकीण म्हणवणारी बाई फार मायेने लिहायची. भावाचं घर लाहाइनात जळालं, त्याची बायको आणि दोन मुलं तळमजल्यावर राहताहेत, वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे. बुकिंगच्या वेबसाइटवरून घेतलंत तर कमिशन कापलं जातं. थेट दिलेत तर तेवढे पैसे मुलांना. सोबत जळक्या घराचा फोटो.

मी 900 डॉलर पाठवले. बँकेच्या ॲपवर खात्याचं नाव वेगळंच दिसलं. विचारलं, तर म्हणाली, दिराचं खातं आहे, माझी कागदपत्रं जळाली. पण घर तर भावाचं जळालं होतं, हिची कागदपत्रं कशी जळतील? हे तेव्हा डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण दुखवट्याच्या घरी जाऊन पावती मागायची का, असं वाटून मी गप्प बसले. आठवड्याने कर आणि साफसफाईचे म्हणून आणखी 900 मागितले, तेही दिले. त्यानंतर 300 डॉलरची गिफ्ट कार्डं मागितली, मुलांच्या शाळेसाठी, कार्ड खरवडून नंबरांचे फोटो पाठवा म्हणून. तिथे मात्र नवरा म्हणाला, "थांब."

चोरी पकडली ती आईने. मी व्हिडिओ कॉलवर रडवेली होऊन तिला तो जळक्या घराचा फोटो दाखवत होते. तिने चष्मा लावला. "हे त्या गावातलं? मग नारळ कुठेत?" घरामागे काळी पडलेली उंच टोकदार झाडं होती. "सुरूची झाडं म्हणावं तर तीही नाहीत." जून 2020 च्या निसर्ग वादळात तिने आमच्या आगरातले माड आडवे झालेले बघितलेत. म्हणाली, "माड मेला तरी खुंट उरतो गं. इथे एकही नाही."

तो फोटो इंटरनेटवर टाकून मूळ कुठला ते शोधलं. तो होता उत्तर कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाचा, नोव्हेंबर 2018 च्या आगीतला. त्या आगीचा धूर आमच्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, पसरला होता, आम्ही मास्क लावून भाजी आणायला जात होतो. आणि तोच फोटो मी माउईचा म्हणून बघत बसले होते. मग नापिलीतल्या त्या इमारतीच्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधून फोन केला. तिथल्या बाईंनी उसासा टाकला. घर खरं होतं, मालक वेगळेच होते, आणि या महिन्यात असा फोन करणारी मी चौथी.

हवाईच्या कायद्याप्रमाणे अशा भाड्याच्या ऑनलाइन जाहिरातीत कराचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. तो मागितला असता तर बहुधा तिथेच बोलणं संपलं असतं. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही परत आणू शकत नाही. एफबीआयच्या सायबर तक्रार केंद्राकडे, म्हणजे आयसीथ्रीकडे, तक्रार केली. पोच आली, पैसे नाही. भारतात कुणाच्या बाबतीत असं झालं तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळलं तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. मी मात्र लाजेपायी चार दिवस घालवले. नवऱ्यालाही आकडा आधी 900 च सांगितला होता.

माउईला शेवटी फेब्रुवारीत गेलो, साध्या हॉटेलात, कार्डाने पैसे भरून. हॉटेलात नाश्ता वाढणाऱ्या मुलीचं घर लाहाइनात गेलं होतं. ते तिने स्वतःहून सांगितलं नाही, नवऱ्याने कुठे राहतेस विचारलं तेव्हा कळलं. आगीत होरपळलेल्या त्या वडाला सप्टेंबरातच पालवी फुटली होती. झाडांच्या जाणकारांनी मुळांना पाणी आणि कंपोस्टचा अर्क घालून तो धरून ठेवलाय, असं आईला सांगितलं तेव्हा तिने फोनवरच हात जोडले.

हे सगळं आता का लिहितेय? ऑक्टोबर 2025 मध्ये मेलिसा चक्रीवादळाने जमैकाला झोडपलं, त्यानंतर काही दिवसांनी एका ग्रुपमध्ये पुन्हा ती गॅलरी दिसली. त्याच दोन निळ्या खुर्च्या, तोच समुद्र. यावेळी वाहून गेलं होतं बहिणीचं घर. मी मेसेज केला, "व्हिडिओ कॉलवर गॅलरी दाखवाल का?" दोन निळ्या टिका आल्या, आणि मिनिटभरात मी ब्लॉक.